शब्द ओठीं, लक्ष कोठें?

कोंकणांतील बेने इस्राएलांची प्रार्थना आणि आपल्या घरांतील संध्या

नित्यकर्मांत एक धोका असतो, आणि तो नित्यकर्माच्या गुणांतूनच उत्पन्न होतो. जें रोज करावयाचें तें हळूहळू हाताला आणि जिभेला पाठ होतें. आणि एकदां जिभेला पाठ झालें म्हणजे आपल्याला सुटी मिळाली असें मन समजतें. घरांतील संध्येचेंच पाहा. आचमनाच्या वेळीं चित्त स्वयंपाकघरांतील फोडणीकडे, प्राणायामाच्या वेळीं आगगाडीच्या वेळापत्रकाकडे आणि गायत्रीजपाच्या वेळीं काल राहून गेलेल्या हिशेबाकडे, असा प्रकार किती चालतो तें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं पाहावें. ‘देह देवळांत, चित्त खेटरांत’ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं परक्या लोकांस उद्देशून केलेली नाहीं.

मोठ्या माणसांस या गोष्टीची संवय झालेली असते, म्हणून ती खुपत नाहीं. मुलांस ती खुपते. आमच्या घरीं मुंज झाल्यापासून वर्षभर नेमानें संध्या करणाऱ्या नातवानें एके दिवशीं पळीपंचपात्र पुढें असतांनाच विचारिलें, “आजोबा, ज्याचा अर्थ मला कळत नाहीं तें रोज म्हणून काय होतें?” घरांत लगेच दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, “विचारूं नये, म्हणावें, पुढें आपोआप कळेल.” दुसरा म्हणाला, “कळत नसेल तर सोडून द्यावें. त्यापेक्षां पांच मिनिटें स्वस्थ बसावें.” पहिल्या उत्तरानें मुलगा घरांत असेपर्यंत संध्या म्हणतो आणि शिक्षणासाठीं परगांवीं गेला म्हणजे पहिल्याच आठवड्यांत सोडतो. दुसऱ्या उत्तरानें तो ती आजच सोडतो. आणि पुढें आयुष्यांत एखादे दिवशीं देवाला हांक मारण्याची वेळ आली तर त्याच्यापाशीं शब्दच उरलेले नसतात. या दोहोंहून निराळें उत्तर आहे काय, याचा विचार प्रत्येक सुशिक्षित घरानें केला पाहिजे.

आमचें दरेकसा हें गांव महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदियाकडून डोंगरगडाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, जंगलांत वसलेलें आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास येथून जवळच असलेल्या कचारगडच्या गुहेकडे गोंड यात्रेकरूंची रीघ लागते. दूरदूरच्या प्रांतांतून आलेलीं हीं माणसें डोंगर चढून आपल्या देवतांना आपल्या भाषेंत आळवितात. त्यांच्या मुद्रेकडे पाहिलें म्हणजे मनांत येतें कीं, यांना जें साधतें तें पाटावर बसणाऱ्या आम्हांस कां साधूं नये? भाषा, विधि आणि भाव यांचें नातें तरी काय? या प्रश्नाचा मागोवा घेतां घेतां, मराठीच मातृभाषा असलेल्या परंतु हिब्रू भाषेंत प्रार्थना करणाऱ्या एका लहानशा समाजाचा इतिहास माझ्या वाचनांत आला. तो समाज म्हणजे कोंकणांतील बेने इस्राएल. वरील प्रश्नाचें तिसरें उत्तर त्यांच्या इतिहासांत आणि त्यांच्या धर्मशास्त्रांत सांपडतें असें मला वाटतें. म्हणून तें येथें मांडीत आहें.

शनिवारीं घाणा बंद

बेने इस्राएल म्हणजे इस्राएलाचीं मुलें. त्यांच्यांत परंपरेनें चालत आलेली कथा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें जहाज अलिबागेच्या उत्तरेस नवगांवजवळ फुटलें. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. जवळचे ग्रंथ समुद्रानें नेले. हें केव्हां घडलें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. या लोकांनीं कोंकणांत वस्ती केली, मराठी ही आपली भाषा केली, गांवांवरून पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशीं आडनांवें घेतलीं आणि तेलाचा घाणा हा धंदा पत्करला. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारीं रात्र पडेपर्यंत ते घाणा चालवीत नसत. म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले.

ग्रंथ नाहींत, पुरोहित नाहीं, प्रार्थनामंदिर नाहीं, आणि ज्या भाषेंत पूर्वज देवाशीं बोलत ती भाषाही विस्मृतींत गेलेली. अशा स्थितींत शतकानुशतकें या लोकांनीं काय राखलें? मुलाची आठव्या दिवशीं सुंता, शनिवारचा विश्राम, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध, आणि हिब्रू भाषेंतील एक अगदीं लहान मंत्र. त्या मंत्राला ‘शेमा’ म्हणतात. देव एकच आहे ही त्यांतील घोषणा. जन्म, विवाह, नवस, मृत्यु, प्रसंग कोणताही असो, मंत्र तोच. कारण दुसरा ठाऊकच नव्हता.

‘शेमा’ या शब्दाचा अर्थ ‘ऐक’ असा आहे. आपण वेदांना श्रुति म्हणतों तीही ‘श्रु’ म्हणजे ऐकणें या धातूवरूनच. प्रार्थना म्हणजे आपण बोलावें आणि देवानें ऐकावें अशी सर्वसाधारण समजूत असते. यहुदी मनुष्याच्या नित्य प्रार्थनेंतील या मुख्य मंत्राचा आरंभ उलट ‘तूं ऐक’ असा आहे. तो म्हणतांना हातानें डोळे झांकून घेण्याची रीत आहे. हेतु हा कीं, बाहेरचें कांहीं दिसूं नये आणि आपलेच शब्द आपल्या कानांत शिरावे.

पुढें डेव्हिड राहाबी नांवाचा एक विद्वान् यहुदी कोंकणांत आला. त्याच्या काळाविषयीं मतभेद आहेत, पण त्याची गोष्ट प्रत्येक बेने इस्राएल घरांत सांगतात. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय याची परीक्षा पाहण्यासाठीं त्यानें घरांतील स्त्रियांपुढें निरनिराळे मासे ठेविले आणि ते रांधावयास सांगितले. स्त्रियांनीं खवले व पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. यहुदी धर्मशास्त्राचा नियम हाच आहे. राहाबीची खात्री पटली आणि त्यानें त्यांना धर्माचें शिक्षण देण्यास आरंभ केला. शास्त्र पुरुषांच्या स्मरणांतून गेलें होतें; तें स्त्रियांच्या चुलीपाशीं शिल्लक होतें. आपल्या घरांतील सोंवळें, व्रतें आणि सणवार कोणी जतन केले याचा विचार करतांना ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे.

सणांचीं हिब्रू नांवेंही हे लोक विसरले होते. सण मात्र विसरले नव्हते. त्यांनीं त्यांना घरगुती मराठी नांवें दिलीं. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. पुढें खिरीचा सण. यरुशलेमेचें मंदिर उद्ध्वस्त झालें त्या शोकदिवसाचें नांव बिरड्याचा सण, कारण त्या वेळीं वालाचें बिरडें खावयाचें. या सर्वांत मला अत्यंत अर्थपूर्ण वाटणारें नांव म्हणजे ‘दारफाळणीचा सण’. वर्षांतील सर्वांत पवित्र असा प्रायश्चित्ताचा दिवस तो हा. त्या दिवशीं घरांतील सर्व मोठीं माणसें निर्जळ उपास करीत, शुभ्र वस्त्रें नेसत आणि घराचें दार लावून दिवसभर आंत राहत. दार बंद म्हणून दारफाळणी. मौज अशी कीं, यहुदी धर्मशास्त्रांत त्या दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेला ‘नेइला’ म्हणतात आणि त्याचाही अर्थ दार बंद होणें असाच आहे. तेथें द्वार स्वर्गाचें आहे आणि येथें कोंकणांतील कौलारू घराचें, एवढाच भेद. ज्यांना प्रार्थना येत नव्हत्या ते लोक जगाकडे उघडणारें दार लावून घेऊन आंत बसले, आणि तीच त्यांची प्रार्थना झाली.

मुलाचा प्रश्न आणि मराठी पोथी

आतां दुसरा भाग. मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं झालें. तें बांधविणारे सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, हे कंपनी सरकारच्या फौजेंत होते. टिपू सुलतानाच्या कैदेंतून सुटका झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनीं तें उभारलें असें सांगतात. त्याचें नांव ‘शाअर हारहमीम’, अर्थात् दयेचें द्वार. यानंतर कोचीन येथील यहुदी शिक्षकांनीं हिब्रू प्रार्थना शिकविल्या. पाद्री जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. मिशनऱ्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे. बेने इस्राएलांनीं व्याकरण घेतलें, मराठी भाषांतराच्या आधारें आपले प्राचीन ग्रंथ वाचले, आणि बहुतेक सर्व आपल्याच धर्मांत अधिक दृढ झाले. अर्थ कळला तर श्रद्धा ढळेल अशी भीति ज्यांना वाटते त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा.

पुढें या समाजांतच विद्वान् निर्माण झाले. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनीं हिब्रू प्रार्थना व इतर धर्मग्रंथ मराठींत आणण्यांत आयुष्य वेंचलें. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं समाजाच्या मुलांसाठीं मुंबईंत शाळा काढली आणि समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. तो त्यांच्या पश्चात् १९३७ सालीं प्रसिद्ध झाला. आपल्या पुण्यांतही १८७४ सालीं एक महत्त्वाचें पुस्तक छापलें गेलें. तें म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाची पोथी, ‘हग्गादा’. एका बाजूस मूळ हिब्रू, तिच्या जोडीला मराठी भाषांतर आणि मधून मधून चित्रें. सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या स्त्रिया त्या चित्रांत लुगडें नेसून जमिनीवर बसलेल्या दाखविल्या आहेत.

या पोथीचा आरंभीचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचा आहे. सर्व कुटुंब जेवावयास बसलें म्हणजे घरांतील सर्वांत लहान मुलानें प्रश्न विचारावयाचे: ही रात्र इतर रात्रींहून निराळी कां? आज ही भाकरी कां? हा कडू पाला कां? मुलानें विचारलें कीं मग वडीलधाऱ्यांनीं मिसर देशांतील दास्यापासून झालेल्या मुक्ततेची कथा सांगावयाची. विचारणारें मूल घरांत नसेल तर पत्नीनें विचारावें. कोणीच नसेल तर मनुष्यानें स्वतःलाच विचारावें, असा नियम आहे. म्हणजे मुलाचा ‘कां?’ हा येथें उद्धटपणा समजला जात नाहीं. तो विधीचाच भाग आहे, आणि त्यावांचून विधि पुढें सरकत नाहीं. आमच्या घरीं ज्या प्रश्नानें दोन पक्ष पडले तोच प्रश्न या लोकांनीं पोथींत छापून ठेविला आहे.

अर्थ कळण्याचा आणखी एक मार्ग त्यांनीं आपल्याच शेजाऱ्यांपासून घेतला. सुमारें १८८० सालापासून मुंबईंतील बेने इस्राएलांनीं मराठी कीर्तनें रचण्यास व करण्यास आरंभ केला. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें साक्या, दिंड्या, अभंग यांच्या चालींवर बांधून हरिदासी थाटानें गाइलीं जात. प्रार्थनामंदिरांत मूळ हिब्रू शब्द तसेच राहिले. परंतु ज्या देवाला ते शब्द उद्देशिले आहेत त्याच्या लीला मराठींत कानांवर आल्या. देव केवळ अक्षरांत होता तो कथेंत आला, आणि कथेंतून मनांत शिरला. हिब्रू टाकून मराठी घ्यावी असें त्यांनीं केलें नाहीं. हिब्रूच्या पायाशीं मराठीची समई लाविली.

नियम आणि भाव

यहुदी धर्मशास्त्रांत या विषयासाठीं दोन शब्द आहेत. ‘केवा’ म्हणजे ठरलेलें, नियमित. आणि ‘कव्वाना’ म्हणजे मनाचा रोख. हा दुसरा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ सरळ करणें, नेम धरणें असा आहे. आपल्याकडील एकाग्रता आणि संकल्प या दोहोंचा भाव त्यांत एकवटला आहे. सुमारें १८०० वर्षांपूर्वीं संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या स्मृतिग्रंथांत रब्बी एलिएझर यांचें मत दिलें आहे कीं, जो आपली प्रार्थना केवळ ठराविक काम करून टाकतो त्याची प्रार्थना ही विनवणीच होत नाहीं. त्याच ग्रंथांत असेंही सांगितलें आहे कीं, पूर्वींचे भक्तिमान् लोक प्रार्थनेपूर्वीं तासभर स्वस्थ बसत, आणि चित्त देवाकडे लागल्यावरच आरंभ करीत. ११व्या शतकांत स्पेनमध्यें होऊन गेलेल्या बाह्या इब्न पाकुदा यांनीं मनाविण केलेल्या प्रार्थनेला प्राणाविण शरीराची व गाभ्याविण टरफलाची उपमा दिली. आपल्याकडे यास्काचार्यांच्या निरुक्तांत अर्थ न जाणतां वेद पाठ करणाऱ्यास भार वाहणाऱ्या खांबाची उपमा आहे, आणि पतंजलींनीं जपाबरोबर अर्थाचें चिंतन आवश्यक सांगितलें आहे. दोन्ही देशांच्या आचार्यांना दुखणें एकच दिसलें होतें.

परंतु दुखणें दाखविणें निराळें आणि औषध देणें निराळें. औषधाच्या बाबतींत यहुदी आचार्यांचा व्यवहारीपणा मला विशेष वाटतो. ‘भाव नसेल तर म्हणूं नका’ असें ते सामान्य माणसास सांगत बसले नाहींत. तसें सांगितलें असतें तर प्रार्थनाच बंद पडली असती. जोसेफ कारो यांच्या १६व्या शतकांतील ‘शुल्हान आरुख’ या निर्णयग्रंथांत सबंध प्रार्थनेंत मन लागावें हें इष्ट मानलें आहे. परंतु शेमाच्या पहिल्या वाक्यांत आणि उभ्यानें म्हणावयाच्या मुख्य प्रार्थनेच्या पहिल्या कंडिकेंत तरी तें असलेंच पाहिजे, असा किमान नियम आहे. मनुष्याचें मन चंचल आहे हें शास्त्रकारांनीं ओळखलें, आणि त्यांतही सुटणार नाहीं अशी एक जागा राखून ठेविली.

मोशे मैमोनिदस (११३८–१२०४) हे या परंपरेंतील थोर आचार्य. मनाविण प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, हें त्यांचें मत कडक आहे. प्रवासानें थकलेल्या व भांबावलेल्या माणसानें मन स्थिर होईपर्यंत थांबावें असेंही ते सांगतात. पण अभ्यासाचा मार्ग त्यांनीं पायरीपायरीचा आंखून दिला. प्रथम शेमा आणि मुख्य प्रार्थना एवढ्यापुरतेंच मन इतर सर्व विचारांपासून रिकामें करण्याची संवय करावी. ती वर्षानुवर्षें दृढ झाली म्हणजे धर्मग्रंथाच्या वाचनांत तीच संवय करावी. ती साधली म्हणजे इतर स्तवनांत. संसाराचे विचार करूंच नयेत असें ते म्हणत नाहींत. जेवतांना, स्नान करतांना, इतरांशीं बोलतांना ते करण्यास भरपूर वेळ आहे असें म्हणतात. मीं शाळेंत पुष्कळ वर्षें संस्कृत शिकविलें. रूपें पाठ करून घेण्याची पद्धति हीच: आज एक विभक्ति, उद्यां दुसरी. मनाला देखील धडे लहान करूनच द्यावे लागतात.

हन्नाचे ओठ

वर जिला मुख्य प्रार्थना म्हटलें तिचें नांव ‘अमीदा’, म्हणजे उभें राहणें. सकाळ, दुपार आणि रात्र अशी ती दिवसांतून तीन वेळां म्हणावयाची असते. यरुशलेमेकडे तोंड करून, पाय जुळवून, राजापुढें जावें तशीं तीन पावलें पुढें येऊन ती म्हणतात, आणि संपल्यावर तीन पावलें मागें सरतात. आपल्या संध्येंतील उपस्थान या शब्दाचा अर्थही जवळ जाऊन उभें राहणें असाच आहे. आपणही उभे राहतों. परंतु कोणापुढें उभे आहों याची जाणीव देणारीं तीं तीन पावलें मनानें टाकतों काय?

अमीदा ओठ हालवून पण दुसऱ्यास ऐकूं न जाईल अशा स्वरांत म्हणावी असा दंडक आहे, आणि तो एका स्त्रीपासून घेतला आहे. बायबलांतील शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत हन्ना नांवाच्या निपुत्रिक स्त्रीची कथा आहे. ती देवस्थानांत येऊन मुलासाठीं प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हालत होते, पण आवाज ऐकूं येत नव्हता. तेथील याजक एली यास ती मद्य पिऊन आली आहे असें वाटलें आणि त्यानें तिला दटाविलें. तिनें नम्रतेनें सांगितलें कीं, मी मद्य घेतलेलें नाहीं, मी माझें दुःख देवापुढें ओतीत आहें. पुढें रब्बींनीं प्रार्थनेचे पुष्कळ नियम याजकापासून न घेतां या दुःखी स्त्रीपासून घेतले. मनु महाराजांनीं उच्च स्वरांतील जपाहून उपांशु जप श्रेष्ठ, आणि त्याहून मानस जप श्रेष्ठ असा क्रम लावला आहे. यहुदी शास्त्र उपांशूवरच थांबतें: शब्द आपल्या कानाला तरी ऐकूं आला पाहिजे. मन केव्हां निसटलें हें आपलें आपल्याला कळावें, असा त्याचा एक उपयोग मला दिसतो.

ठरीव शब्दांबरोबर स्वतःच्या शब्दांनाही तेथें स्थान आहे. युक्रेनमधील ब्रेस्लाव येथील रब्बी नाहमन (१७७२–१८१०) आपल्या शिष्यांना सांगत कीं, नित्य प्रार्थना तर करावीच, पण शिवाय दररोज तासभर एकांतांत, शक्य तर रानांत जाऊन, आपल्या रोजच्या बोलीभाषेंत देवाशीं बोलावें. बोलावयास शब्द सुचले नाहींत तर शब्द सुचत नाहींत हेंच त्याला सांगावें. आमच्या दरेकशाच्या आसपास रान पुष्कळ आहे. संध्याकाळीं फिरावयास गेलों असतां या उपदेशाची मला वरचेवर आठवण होते.

बेने इस्राएलांच्या घरीं स्वतःच्या भावाला वाट करून देणारा विधि म्हणजे ‘मलिदा’. नवस फेडावयाचा असो, लग्न असो, नवें घर असो, एलियाहू प्रेषिताच्या स्मरणार्थ गोड पोहे, ओलें खोबरें आणि फळें यांचें तबक मध्यें ठेवून हिब्रू स्तवनें म्हणतात व नंतर सर्वांना प्रसाद वाटतात. शब्द हिब्रू, तबक कोंकणी, आणि कृतज्ञता ज्याची त्याची.

दहावा माणूस

येथपर्यंत साम्यें सांगितलीं. भेदही सांगणें प्रामाणिकपणाचें आहे. यहुदी धर्म मूर्तिपूजा मानीत नाहीं, आणि शेमांतील एकत्व व आपल्या उपनिषदांतील अद्वैत या एकच गोष्टी नव्हत. सर्व धर्म शेवटीं सारखेच असें म्हणून विषय गुंडाळण्यानें कोणाचाच आदर होत नाहीं. शिवाय आपली संध्या एकट्यानें करावयाची आहे. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेस परंपरेप्रमाणें किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. त्या दहांच्या मेळ्यास ‘मिन्यान’ म्हणतात. नऊ कितीही विद्वान् असले तरी कांहीं प्रार्थना अडून राहतात. दहावा अगदीं साधा मनुष्य आला कीं त्या सुरू होतात.

आज या समाजापुढील खरी अडचण हीच आहे. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झालें आणि पुढील काळांत बेने इस्राएलांतील बहुसंख्य कुटुंबें तिकडे गेलीं. तेथेंही आरंभीं त्यांच्या यहुदीपणाविषयीं, विशेषतः विवाहसंबंधांविषयीं, शंका घेतली गेली. त्यांनीं निर्धारानें आपला हक्क मांडला, आणि १९६४ सालीं ते सर्व दृष्टींनीं पूर्ण यहुदी आहेत असें तेथील सरकारनें जाहीर केलें. तिकडे गेल्यावरही त्यांनीं मराठी टाकली नाहीं. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक त्यांनीं तेथें काढलें. इकडे भारतांत आतां सर्व यहुदी मिळून कांहीं हजारच उरले आहेत, आणि ते मुख्यतः मुंबई व ठाणें यांच्या परिसरांत. अलिबागेचें ‘मागेन आबोथ’ हें १८४८ सालीं स्थापन झालेलें प्रार्थनामंदिर अजून उभें आहे. पण कोंकणांतील अशा ठिकाणीं आतां दहा पुरुष जमविणें हेंच कठीण होऊन बसलें आहे. ज्या समाजानें ग्रंथांवांचून एका वाक्यावर धर्म राखला, त्याच्यापाशीं आतां ग्रंथ आहेत, भाषांतरें आहेत, आणि दहावा माणूस मिळत नाहीं.

आपल्यापुढें ही अडचण नाहीं. म्हणूनच आपली जबाबदारी अधिक आहे. एकत्र कुटुंबांत आजोबा आहेत, वडील आहेत, काका आहेत, मुंज झालेलीं मुलें आहेत, आणि सणवार ज्यांच्या हातीं आहेत त्या घरच्या स्त्रिया आहेत. या घरांनीं काय करावें तें अनुभवानें सांगतों.

संध्येस बसण्यापूर्वीं दोन मिनिटें कांहींएक न करतां पाटावर बसावें. तासभर बसणारे भक्त आपण नव्हे, पण दोन मिनिटें कोणासही जड नाहींत. सबंध संध्येंत मन लावण्याची प्रतिज्ञा करूं नये. प्रथम एकच स्थान निवडावें, गायत्रीचा पहिला जप किंवा अर्घ्याचा मंत्र, आणि तेथें मन हजर असेलच असा नेम करावा. सहा महिन्यांनीं दुसरें स्थान. मुलांना एका आठवड्यास एक मंत्र या प्रमाणानें मराठी अर्थ सांगावा. गायत्रींतील याचना ‘माझ्या’ बुद्धीसाठीं नसून ‘आमच्या’ बुद्धीसाठीं आहे, एवढें जरी बारा वर्षांच्या मुलास कळलें तरी तो एकटा बसून म्हणतांना एकटा राहत नाहीं. मुलींना व सुनांना या चर्चेंतून वगळूं नये. त्या प्रश्न विचारतात ते बहुधा आपल्याला न सुचलेले असतात. आठवड्यांतून एक सायंकाळ सर्वांनीं एकत्र बसून स्तोत्रें म्हणावीं, आणि शेवटीं प्रत्येकानें आपल्या मनांतील एक वाक्य, मोठ्यानें किंवा मनांतल्या मनांत, साध्या मराठींत देवाला सांगावें. आमच्या घरीं हा क्रम गेलीं दोन वर्षें चालला आहे. मन पळत नाहीं असें मुळींच नाहीं; पण तें पळालें हें आतां लवकर ध्यानांत येतें, आणि मुलें अर्थासाठीं अडून बसतात. याहून अधिक फळाची अपेक्षा इतक्या अवधींत कोणी करूं नये.

अर्थ कळेपर्यंत शब्द टाकूं नयेत, आणि शब्द पाठ आहेत म्हणून अर्थाकडे पाठ फिरवूं नये. ज्यांना अर्थ ठाऊक नव्हता अशा आईबापांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर मुलांच्या कानांत तें एक वाक्य घातलें नसतें, तर पुढें राजपूरकरांनीं भाषांतर कोणासाठीं केलें असतें? आणि भाषांतर झालें नसतें, तर शिकलेल्या पुढच्या पिढींनीं तें वाक्य किती दिवस सांभाळलें असतें? दोहोंची गरज दोहोंना आहे. उद्यां सकाळीं पाटावर बसतांना आपल्याला दहा माणसें जमवावयाचीं नाहींत. एकच माणूस लागतो. दार लावून घ्यावें, आणि तो आंत आहे ना, एवढें पाहून मग आचमन करावें.